ओलेटाची वाळूची परात

लोंझो टॅकेटचं पिस्तूल भर चर्चमध्ये, मयतीच्या दिवशी, फरशीवर पडलं. तिथून ओलेटा रॅटलिफच्या कामाला सुरुवात झाली. आमच्या स्पाइस फोर्कच्या खोऱ्यात ही गोष्ट सगळे सांगतात आणि प्रत्येकजण त्यात आपलं थोडं मीठ घालतो. मी तिथं तिसऱ्या बाकावर होते, तेव्हा माझ्यात मीठ कमी असेल.

मयत म्हाताऱ्या आर्लीची. पेटीच्या उजव्या बाजूला पुढच्या कडीला लोंझो. लोंझो म्हणजे आमच्या पेट्रोल पंपाचा मालक. पोट पुढं, पँट खाली, पट्ट्यात खोचलेलं पिस्तूल आणि वरून सैल कोट. एकदा पंपावर कुणीतरी त्याच्या कानशिलाला नळी लावून गल्ला रिकामा केला होता. तेव्हापासून ते पिस्तूल त्याच्या अंगावरून उतरलं नव्हतं. पेटी उचलायची म्हणून गड्यानं श्वास आत ओढला. पोट आत गेलं, पट्टा सैल पडला आणि ते धूड पँटच्या आतून, मांडीवरून, गुडघ्यावरून, उंदीर पळावा तसं खाली सरकत आलं आणि बुटाला आपटून लाकडी फरशीवर खाडकन वाजलं.

पाळकांचं वाक्य अर्ध्यात तुटलं. दोनेकशे डोळे एकदम छताकडं लागले. लोंझोच्या हातात पेटी, त्याला वाकता येईना, पुढं जाता येईना.

ओलेटा उठली. खांद्यावरची शाल तिनं त्या वस्तूवर टाकली, शालीसकट ती उचलली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "लोंझो, तुझा पाना पडला रं. पंपावरनं तसाच उठून आलास व्हय?"

"व्हय मावशी," लोंझो म्हणाला. कानाच्या पाळ्या बीटासारख्या लाल. "पानाच त्यो."

"मयत उरकली की घरी ये. खिसा शिवून देते."

पेटी मातीत उतरेपर्यंत कुणी हसलं नाही. मग आर्लीची बायकोच डोळे पुसता पुसता फिस्सकन हसली, "त्याला लई आवडलं असतं हे," म्हणाली आणि मग सगळी टेकडी हसली. त्या दिवसापासून आमच्या खोऱ्यात त्या वस्तूला पाना म्हणतात.

ओलेटाची उमर शर्टाच्या कारखान्यात गेली होती. खाली तालुक्याच्या गावात तो कारखाना होता, तिथं ती कॉलर शिवायची. कारखाना बंद पडला तशी ती मशीन घेऊन घरी आली. नवरा होबर्ट कोळशाच्या खाणीत, त्याच्या फुप्फुसात ती खाण जाऊन बसली आणि तो गेला. ओढ्याच्या वरच्या अंगाला रस्त्याकडेला तिचं घर. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत बटाटे, मुरवणीच्या बरण्या आणि होबर्टची खुर्ची. माझं घर तिच्या शेजारी. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. दुपारी सुटले की तिच्याकडं काजं करायला बसायची. नाव माझं वेल्डा, पण ती मला 'काजवाली' म्हणायची.

लोंझोनंतर माणसं येऊ लागली. खोऱ्याच्या टोकाला एकटी राहणारी निवृत्त मास्तरीण आली. औषधांची गाडी घेऊन आडरानात फिरणारा माणूस आला. दुकान बंद करून अंधारात घरी जाणाऱ्या बाया आल्या. आमच्याकडं पोलिसाला फोन केला, तर त्याला डोंगर ओलांडून यावं लागतं. तोवर कॉफी थंड होते, गरम करता येते आणि पुन्हा थंड होते. पाळकांना हे सगळं पसंत नव्हतं. ते आले की तसं तोंडावर सांगायचे. ओलेटा ऐकून घ्यायची, म्हणायची, "तुमची बाही उसवलीय, काढा कोट." आणि टाका घालून द्यायची.

आता तिच्या कामाची रीत सांगते. मी ती कितीतरी वर्षं रोज बघितली, तरी मला तिचा अचंबा वाटायचा थांबला नाही.

मागच्या खोलीत टेबलावर एक मोठी पत्र्याची परात होती. तिच्यात ओढ्याची बारीक वाळू, पाणी शिंपडून ओली केलेली, हातानं थापून सपाट केलेली. गिऱ्हाईक आलं की ओलेटा त्याला तिकडं धाडायची. "दार लावून घे. तुझा पाना वाळूत दाबून उठव. मग तो खिशात ठेव आणि बाहेर ये." गिऱ्हाईक बाहेर आलं की ती आत जायची, वाळूतला ठसा बघायची, त्यावर कागद धरून बोटांनी कडा चाचपायची, जाड पट्ट्यांच्या कापडाचा तुकडा कापायची. आणि मग गिऱ्हाइकाला दारात बोलावून, त्याच्या डोळ्यांदेखत, तळहातानं वाळू पुसून टाकायची. कागद चुलीत. मोठा की लहान, कुणाचा, कधी आणलेला, कशासाठी, ती एक शब्द विचारायची नाही.

मी एकदा म्हटलं, "मावशी, नुसतं बघितलं तर काय बिघडलं? टेबलावर ठेवायला सांगावं, माप घ्यावं."

"बघितलं तर इसरायला लागतं, काजवाले. न्हाई बघितलं तर इसरायचं कामच न्हाई."

खिसा शिवणं तसं सोपं. अवघड काम पुढंच होतं. एका बाजूला लोखंड आलं की कोट तिकडं ओढला जातो, बटणांची रांग वाकडी होते आणि जाणत्या माणसाला लांबून कळतं. त्यावर ओलेटा दुसऱ्या बाजूच्या दुमडीत मासे धरायच्या गळाची शिशाची वजनं शिवायची. एकेक वाढवत जायची, लांब उभी राहून डोळे बारीक करून बघायची, पुन्हा एक उसवायची. शेवटी कोट असा सरळ पडायचा की देवानंच त्या माणसाच्या अंगावर तो टाकला असावा.

आणि सगळ्यात शेवटी मिठी. कोट अंगात घातला की ओलेटा गिऱ्हाइकाला कडकडून मिठी मारायची. तिच्या अंगाला ती वस्तू लागली, तर कोट परत मशीनवर. लागली नाही, तरच न्यायचा. मोठमोठे खाणवाले, दाढीवाले गडी तिच्या मिठीत उभे राहायचे, हात कुठं ठेवावेत कळायचं नाही, छताकडं बघायचे. एकजण तर रडला होता. म्हणाला, बायको गेल्यापासून कुणी जवळ घेतलं नव्हतं. ओलेटानं त्याचा कोट मुद्दाम दोनदा परत घेतला. खिसा पहिल्याच वेळी बरोबर बसलेला मला दिसला होता.

असं सगळं चाललं होतं. मग त्या वर्षी हरणांच्या शिकारीचा मोसम लागला त्या सुमाराला ट्रेसा आली.

ट्रेसा आमच्या दवाखान्यात परिचारिका. वसंतात तिनं नवरा सोडला होता. नवरा रॉयस, पलीकडच्या खोऱ्यातला. त्यानं तिच्या अंगावर काय काय केलं, ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. पण दवाखान्यातली माणसंच तिला पट्ट्या बांधत होती, तेव्हा झाकून काय राहणार. कोर्टानं त्याला कागद दिला होता, तिच्या जवळपास फिरकायचं नाही म्हणून. तो कागद पाळायचा, पण मेला इंचभर अलीकडं थांबून. ओढ्यावरच्या पुलाच्या पल्याड ट्रक लावायचा आणि नुसता बसायचा.

"मावशी, असा खिसा शिवा की कुणाला म्हणजे कुणाला कळायला नको," ट्रेसा म्हणाली. तिचा राखाडी कोट तिनं छातीशी धरला होता. "नेम धरायला त्यानंच शिकवलंय मला. माझा हात किती जलद हाय, त्याला ठाऊक हाय. माझ्याजवळ हाय असं त्याला कळलं, तर तो मागनं येणार आणि आधी हात मुरगाळणार. न्हाई असं कळलं, तर सरळ पुढनं येणार. जोवर त्याला कळत न्हाई, तोवर तो पुलावर बसलाय."

ओलेटानं परातीकडं बोट केलं. मी उठून अंगणात गेले.

तो कोट ओलेटानं तीनदा उसवला. बाहेरून बघायला काही म्हणता काही दिसेना. मी चहूबाजूंनी फिरून बघितलं. पण मिठी मारली की दरवेळी ओलेटाचं तोंड उतरायचं. ट्रेसा म्हणजे कुंपणाची काठी. तिच्या अंगावर त्या वस्तूला लपायला जागाच नव्हती.

"डोळ्याला फसवलं मी. मिठीला फसवता येईना," ओलेटा म्हणाली. "जरा चार घास जास्त खात जा गं पोरी."

"असू द्या मावशी." ट्रेसानं कोट चढवला. "मला चाचपून बघायला कोण मिठी मारायला बसलंय?"

गुरुवारी दुपारी त्याचं उत्तर आलं. रॉयसची आई ड्रुसिला दारात उभी राहिली. बुटकी बाई, अंगात हिरवा चांगला कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, हातात मुरवलेल्या बीटांची बरणी. ओलेटा आणि ती तरुणपणी एकाच कारखान्यात होत्या. ड्रुसिला कफ शिवायची.

"ये ड्रुसी. किती वर्सांनी गं."

"आले." ती बसली नाही. बरणी टेबलावर ठेवली. "माझी सून येती म्हनं तुझ्याकडं."

"सगळ्या खोऱ्याची कापडं येतात माझ्याकडं."

"खिसा शिवलास तिला?"

ओलेटानं सुईत दोरा ओवला. एकदाच, पहिल्या झटक्यात. "ड्रुसी, उद्या तुझ्याबद्दल कुनी इचाराया आलं, तर मी काय सांगावं असं तुला वाटतं?"

 ड्रुसिला भिंतीकडं बघत, कुणीतरी पाठ करून घेतलेलं असावं तसं म्हणाली, "मला काय त्याचं. रविवारी येते मी तुमच्या चर्चला. सासू हाय मी तिची, गळाभेट तर घेईनच."

माझी सुई काजातच अडकली. आमच्या चर्चमध्ये शेवटच्या गीताला सगळे बाकांवरून उठतात आणि गात गात एकमेकांना मिठी मारतात. कुणीही कुणालाही. बांधावरून भांडणारे भाऊसुद्धा. देवाच्या समोर आलेली मिठी परतवायची नाही, ही आमची रीत. रॉयसला कोर्टानं अडवलं होतं. त्याच्या आईच्या हातांना कोण अडवणार?

"बाही उसवलीय तुझी," ओलेटा म्हणाली. खरंच, हिरव्या कोटाची डावी बाही खांद्याला वीतभर उसवली होती. "काढ, टाका घालते."

"राहू दे." ड्रुसिलानं तो हात अंगाशी घट्ट धरला आणि ती गेली.

ओलेटानं सुई कापडात खोचून ठेवली. "झिजून उसवली तर काखेतनं उसवती," ती हळू म्हणाली. "खांद्यावरनं कोट कधी उसवतो, काजवाले? कुनीतरी हाताला धरून ओढलं की."

मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. माझ्या डोक्यात रविवार. "मावशी, ट्रेसाला सांगू, येऊ नको म्हणून."

"आज चर्च सोडंल. उद्या दवाखाना सोडंल. परवा खोरं. मग त्याला यायची तरी काय गरज?" ती उठली आणि कपाटातलं पट्ट्यांच्या कापडाचं सबंध ठाण तिनं टेबलावर उलगडलं. "एकीची गाठ लपवता येत न्हाई, व्हय ना? मग लपवायची कशाला?"

त्या संध्याकाळपासून ओलेटा फोनला चिकटली. प्रत्येकीला तेच. "कोट घेऊन ये. खिसा घालते. आणि रविवारी त्यात कायतरी टणक घालून ये, मुठीएवढं. का, ते इचारू नको."

आणि कुणी विचारलं नाही! हे सांगताना मला आजही खरं वाटत नाही. आमच्या खोऱ्यात बायका शेजारणीच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून ओळखतात; कुणाची कोंबडी कुणाच्या कुंपणात शिरली, यावर महिनाभर चघळतात. त्या बायका शुक्रवारी आणि शनिवारी कोट खांद्यावर टाकून रांगेनं आल्या आणि एकीनंही 'का' म्हटलं नाही. विचारलं ते भलतंच.

"मावशी, वीट चालंल का?" लोंझोची बायको इमोजिन.

"टोकं लागतील. गोलसर बघ."

"मग लोंझोचं डोकं आणते. तसंबी रविवारी त्याचा काय उपेग न्हाई."

लोंझो दारातच उभा होता. "घेऊन जा गं, घेऊन जा. निदान तुझी बडबड तरी कानावर पडायची न्हाई."

"तुला दुसरं काम हाय," ओलेटा त्याला म्हणाली. चर्चची शेगडी पेटवायचं काम लोंझोकडं. "रविवारी शेगडी पेटवायला इसर."

"मावशी, थंडीनं मरतील माणसं."

"मरत न्हाईत. कोट घालून बसतील."

लोंझोनं डोकं खाजवलं. "इसरलो," म्हणाला आणि गेला.

थोरली आडा, आमच्या खोऱ्यातली सगळ्यात म्हातारी, काठी टेकत आली. "मला बी शिव. मी काय मेले न्हाई अजून." तिनं मांस दळायच्या यंत्राचा दांडा आणला होता. पाळकांची बायकोही आली, पाळकांना न सांगता. तिनं कोट ठेवला. मग म्हणाली, "ओलेटा, मला ती वस्तू हातात धरवत सुद्धा न्हाई. पण दाराची पितळी मूठ हाय माझ्याकडं." ओलेटानं तिचे दोन्ही हात हातात घेतले.

ट्रेसाच्या खिशाची जागा जिथं, बरोबर तिथंच प्रत्येकीचा खिसा. आम्ही दोघींनी बोटं सुजेपर्यंत शिवलं. ओलेटाच्या बोटांकडं बघत राहावंसं वाटायचं. कापडावर चालणारी ती बोटं नव्हतीच. ती ऐकत होती जणू. कोट हातात घेतला की कुणाचा ते तिला न बघता कळायचं. "हा आडाचा. उजवा खांदा उतरलाय," असं पुटपुटत ती टाके टाकत जायची.

रविवार. चर्चमध्ये तोंडातून वाफ निघत होती. पाळक प्रवचनात दोनदा शेगडीकडं आणि दोनदा लोंझोकडं बघत होते. लोंझो गीतांच्या पुस्तकात नाक खुपसून. ट्रेसा ओलेटाशेजारी बसली होती, राखाडी कोट गळ्यापर्यंत. खिडकीतून पूल दिसत होता, पुलाच्या पल्याड ट्रक. ड्रुसिला मागच्या बाकावर, हिरवा कोट, डावा हात अंगाशी.

शेवटचं गीत सुरू झालं आणि सगळे उठले.

ड्रुसिला सगळ्यात आधी आडाकडं वळली. वाटेतच पडली ती. मिठी मारली आणि तिची पाठ ताठ झाली. मला मागून तिचा उजवा हात दिसत होता. तो आडाच्या कोटावर थबकला होता. आडा दात नसलेलं तोंड भरून हसली. "कशी हायस गं?" तिनं आपणहून ड्रुसिलाला आणखी घट्ट आवळलं.

मग इमोजिन. मग मास्तरीण. मग पाळकांची बायको. प्रत्येक मिठीला तीच गाठ, त्याच जागी. पाळकांच्या बायकोपाशी तर ड्रुसिलानं मान मागं घेऊन तिच्या तोंडाकडं बघितलं. देवदूताच्या पंखाखाली कोयता सापडावा असे तिचे डोळे झाले होते. माझ्याकडं आली तेव्हा तिचा श्वास मला कानाशी लागला, धापेसारखा. माझ्या खिशात होबर्टचा जुना पाना होता. खराखुरा, नट आवळायचा.

गाणं चढत गेलं. आमच्यात वाद्य नसतं, नुसते गळे. बायका गात होत्या, मिठ्या मारत होत्या, आणि एकेकीचा आवाज असा उघडा निघत होता की खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. त्या गार खोलीत मला एकाएकी वाटलं, ह्या सगळ्या मिळून एकच बाई उभी आहे. किती उंच, सांगता येत नाही.

ड्रुसिला ट्रेसापाशी पोचली.

 ट्रेसा पांढरीफटक. पण मिठी परतवायची नाही. तिनं हात उघडले. ड्रुसिला तिच्या गळ्यात पडली आणि तिचा हात गेला, तिथंच, बरोबर त्याच जागी. गाठ होतीच. सगळ्यांना होती तशी. ड्रुसिलाचा हात तिथं राहिला, मग हळूहळू वर सरकला आणि ट्रेसाच्या पाठीवर आला. खरोखरीच्या मिठीत येतो तसा.

शेवटी ओलेटा. तिनं ड्रुसिलाला जवळ घेतलं, आणि तिचा तळहात हिरव्या कोटाच्या त्या उसवलेल्या खांद्यावर जाऊन थांबला. दाबला नाही, कुरवाळला नाही, नुसता झाकला. गीत संपलं तरी दोघी तशाच. ड्रुसिला तिच्या कानात काहीतरी म्हणाली. ओलेटानं मान डोलावली.

आम्ही पायऱ्यांवर आलो. ड्रुसिला एकटी उतारावरून पुलाकडं चालत गेली. ट्रकची काच खाली झाली. ती काहीतरी बोलली. फार नाही, एखादं वाक्य. रॉयसनं तिच्या डोक्यावरून वर बघितलं. पायऱ्यांवर आम्ही सगळ्या होतो, कोट अंगात. पुढं आडा, काठीवर.

ट्रक चालू झाला, दगडं उडवत वळला आणि गेला. ड्रुसिला त्यात बसली नव्हती. तो वळणाआड जाईपर्यंत ती पुलावर उभी राहिली, आणि मग उतार चढून वर आली.

चर्चच्या तळघरात जेवणं मांडली होती. इमोजिननं घेवड्याचे दाणे, मक्याचा पाव आणि तळलेली सफरचंदं वाढून ताट तिच्यापुढं सरकवलं. "खा. गार होतंय."

"काय सांगितलंस गं त्याला?" आडानं विचारलं. एवढ्या म्हाताऱ्या माणसाला आमच्यात विचारायची मुभा असते.

"खरं तेच." ड्रुसिलानं पावाचा तुकडा मोडला.  "म्हटलं, मला कळलं न्हाई."

ट्रेसा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती उठली, तिनं कॉफीची किटली आणली आणि सासूचा पेला भरला. 

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. रॉयस त्यानंतर पुलावर दोन-चारदा दिसला, मग दिसेनासा झाला. हिवाळा सरता सरता ओहायोकडं कामाला गेला असं कानावर आलं. ट्रेसा अजून दवाखान्यातच आहे. परवाच तिनं मला सुई टोचली, हात हलका आहे तिचा. आणि त्या रविवारच्या गाठींतल्या किती खऱ्या होत्या आणि किती दाराच्या मुठी होत्या, ते मला आजही ठाऊक नाही. एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसतो, पण तो विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "पाना गं, पाना," आणि बोलणं दुसरीकडं जातं.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. जेवणं झाल्यावर ड्रुसिला ओलेटाबरोबर घरी आली. मीही होते. तिनं हिरवा कोट काढून मशीनवर ठेवला. खालच्या झग्याची बाही आखूड होती. दंडावर बोटांचे ठसे, निळे, पिवळे, काही जुने, काही ताजे. पोटच्या पोराचे.

"मिठीत म्हटलं ते खरंच म्हटलं मी," ती म्हणाली. "मलाबी एक शिव, ओलेटा."

ओलेटानं परातीकडं बोट केलं. ड्रुसिला आत गेली, दार लावलं. बाहेर आली. ओलेटा आत गेली आणि लगेच दारात आली.

"ड्रुसी, वाळूत काहीच न्हाई."

"माझ्याकडं काहीच न्हाई." तिनं हनुवटी वर केली. कफ शिवणारी ती जुनी पोरगी त्या क्षणी तिच्यात दिसली असणार, कारण ओलेटाच्या तोंडावर हसू आलं. "पन ते त्याला कुठं ठाऊक हाय?"

ओलेटानं आधी खांदा शिवला. मग खिसा. दुमडीत शिशाची वजनं, एकेक, लांबून बघत. तोवर ड्रुसिलानं सांगितलं की ती आता घरी जायची नाही. आडानं तिला आपल्या वरच्या खोलीत यायला सांगितलं होतं. काम झालं तेव्हा उन्हं उतरली होती. कोट हातात घेऊन ओलेटा जरा थांबली. मग ती खुंटीवरच्या स्वतःच्या कोटाकडं गेली आणि त्याच्या खिशातून एक फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढली. ओलेटाच्या खिशात काय असतं, यावर आमच्या खोऱ्यात किती पैजा लागल्या असतील देव जाणे. होबर्टचं मोठं रिव्हॉल्व्हर आहे, असं अर्धं खोरं म्हणायचं. इस्त्रीचा दांडा आहे, असं उरलेलं अर्धं.

ती वस्तू घेऊन ती परातीपाशी गेली. दार उघडंच होतं. ड्रुसिला तिच्यामागं उभी.

मी तोंड फिरवलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. पुलावर कुणी नव्हतं. ओढ्याचं पाणी दगडांवरून वाहत होतं. मागं ओल्या वाळूत काहीतरी दाबल्याचा बारीक आवाज झाला, कात्रीचा झाला, मशीनचा झाला, मग ती वस्तू नव्या खिशात सरकल्याचा आणि कोट अंगावर चढल्याचा.  दोघी मिठीत होत्या.

"लागतंय का?" ड्रुसिलानं विचारलं.

"न्हाई लागत."

आणि मग ओलेटाचा तळहात वाळूवरून फिरला. एकदा इकडून, एकदा तिकडून.